पेशी घसरल्या, पण कोणत्या?

पावसाळ्यात यावलच्या वस्त्यांतून आम्हाला फोन येतो, "ताई, पेशी घसरल्या." कोणत्या, विचारले की उत्तर मिळते, पांढऱ्या. घसरलेल्या असतात प्लेटलेट. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होतात, त्यामुळे घोळ वाढतो.

प्लेटलेट रक्त थांबवते हे सगळ्यांना ठाऊक आहे. केळीच्या बागेत विळा लागला की जखमेवर आधी त्याच गोळा होतात. पण त्यांच्या पोटात बारीक पुड्याही असतात. पुडी फुटली की प्रथिने बाहेर पडतात. त्यांतल्या एकाचे नाव नॅप-टू. प्लेटलेट ते तयार स्वरूपात सोडत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीजवळचे विकर त्याचा पुढचा तुकडा छाटते, मग ते कामाला लागते आणि आणखी न्यूट्रोफिल जखमेकडे बोलावते. म्हणजे प्लेटलेट नुसते बूच नाही, ती हाकही मारते.

डेंग्यूत जखम नसतानाच प्लेटलेट चेततात, पुड्या रिकाम्या करतात आणि रक्तवाहिन्या झिरपण्याला हातभार लावतात. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या झिरपण्याने. रिपोर्टवरचा आकडा ते सांगत नाही. अॅस्पिरिन घेतली तर आकडा तोच राहतो, पण प्लेटलेटचे काम मंदावते. म्हणून तापात फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

आमच्या ओळखीच्या एका मजूर कुटुंबाने आकडा ४५ हजार ऐकून दागिना गहाण ठेवला, प्लेटलेटच्या पिशव्या आणल्या. पोराला रक्तस्राव नव्हता. आम्हाला याचा राग येतो. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावरच पिशवीचा विचार करायचा. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वेळ घालवू नये.

तेव्हा डॉक्टरांना नुसते "पेशी किती?" विचारू नका. हिमॅटोक्रिट किती, बीपी किती, लघवी नीट होते का, हे विचारा. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा असे विचारणारे नातेवाईक फार थोडे भेटले. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात. धोका नेमका तेव्हाच असतो. पोट जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, सुस्ती, यांतले एकही दिसले तर ग्रामीण रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

आणि पपईच्या पानांचा रस? उलट्या होणाऱ्या लेकराला तो कडू रस पाजून पोटातले उरलेसुरले पाणीही बाहेर काढू नका.