मारबतीला लुगडं कुणाचं?

ऑक्टोबर संपता संपता पुण्याहून भाचीनं फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीत हॅलोविन साजरा होणार होता आणि प्रत्येक मुलानं घरी केलेली सजावट आणायची होती. हिनं चेटकीण केली होती. काळ्या कार्डशीटची टोकदार टोपी, लोकरीचे पिंजारलेले केस, खराट्याच्या काड्यांचा झाडू, नाकावर मस, भोवती कापूस ताणून केलेली कोळिष्टकं. खाली लिहिलं होतं, 'मावशी, कशी झाली माझी चेटकीण?' मुलीचा हात चांगला आहे. पण तिला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

कारण त्याच दिवशी मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात साठी उलटलेल्या एका बाईच्या ओसरीवर बसून आले होते. पोळ्यापासून गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याची सुरुवातही घरी केलेल्या एका बाहुलीपासूनच झाली होती. मारबतीपासून.

विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. श्रावण अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली रोगराई, इडापीडा गावाबाहेर घालवायची म्हणून मारबत काढतात. बांबूच्या कमट्यांचा सांगाडा, आत तणस, वर चिंध्या. मारबत म्हणजे पूतना, असं मोठी माणसं सांगतात. खोकला, ताप, ढेकूण, डास सगळं घेऊन जा, असं तिला ओरडून सांगत मुलं तिला शिवेवर नेतात आणि जाळतात. लहानपणी मीही मारबत केली आहे. कोळशानं तिचे डोळे मीच काढायची आणि ते जितके भयानक तितकी शाबासकी मिळायची. ती बाई का असते, हे मी कधी विचारलं नाही. समाजकार्याची पदवी घेऊन परत आल्यावरही कित्येक वर्षं विचारलं नाही.

या गावात पोरांनी मारबतीला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळावर गोंदणाचे ठिपके काढले. मिरवणूक या बाईच्या दारात थांबवली आणि ओरडताना तिचं नाव घेतलं. तीही हिरवंच लुगडं नेसते. तिच्याही कपाळावर गोंदण आहे. शेजारच्या घरात एक मुलगा महिनाभर हातपाय दुखतात म्हणून रडत होता आणि कुणा मांत्रिकानं 'जवळच्याच बाईचं काम' असं सांगितलं होतं. बाई विधवा आहे. दोन एकर धानाची जमीन तिच्या नावावर आहे आणि पुतण्याचा डोळा त्या जमिनीवर आहे, हेही गावाला ठाऊक आहे. ती मला म्हणाली, "ताई, बाहुलीच तर जाळली, असं म्हन्तेत सारे. पन लुगडं माह्यावानीच होतं ना."

'बाहुलीच तर होती' हे वाक्य मी त्या दिवशी पाच-सहा तोंडांतून ऐकलं. त्यातली दोन तोंडं बायकांची होती.

आपल्या भागात बाहुली आणि बाई यांच्यात फारसं अंतर उरलेलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द इथे, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना खांबाला बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. १ मे २०२४ च्या रात्री गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळलं. अटक झालेल्या पंधरा जणांत त्या बाईचा नवरा आणि मुलगाही होते. बळी पुरुषही जातात, हे खरंच आहे. पण संशयाला चेहरा हवा असतो तेव्हा तो बाईचा, त्यातही विधवेचा, एकटीचा, नावावर जमीन असलेलीचा पटकन सापडतो. मारबत दर वर्षी मुलांच्या हातांना तोच चेहरा काढायची सवय लावते. मारबतीमुळे खून होतात असं मी म्हणत नाही. पण रोग म्हणजे बाई आणि बाईला जाळलं की गाव मोकळं, हा धडा पाच वर्षांच्या पोराला याहून सोप्या रीतीनं कोण शिकवणार?

नागपूरच्या मिरवणुकीकडे जरा नीट पाहा. तिथली काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं सांगतात. भोसले घराण्यातल्या बांकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, तिच्या निषेधासाठी काळी मारबत, अशी कथा आहे. पिवळीची पूजाही होते. त्यांच्याबरोबर पुरुषांचे पुतळे असतात, ते बडगे. बडग्यावर पाटी असते. कधी तो महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. म्हणजे बडग्याला तो काय करतो म्हणून जाळायचं. गावातल्या मारबतीवर मात्र पाटी नसते. तिनं काय केलं, हे कुणी लिहीत नाही. ती बाई आहे आणि रोग आला आहे, एवढं पुरतं. पुरुषाच्या पुतळ्यावर आरोप आणि बाईच्या पुतळ्यावर संशय! आरोपाला उत्तर देता येतं. संशयाला कसं देणार?

आणि पोळ्याचे दिवस कोणते? भाताची रोवणी आटोपलेली, बांधीत पाणी साचलेलं, डास माजलेले, घराघरात तापाचे रुग्ण. या दोन जिल्ह्यांत सिकलसेलही मोठ्या प्रमाणावर आहे. त्याच्या वेदना एकदम उठतात, दोन-चार दिवसांनी ओसरतात आणि पुन्हा उठतात. मांत्रिकाला याहून सोयीचा आजार कुठला? ओसरलं की त्याचा उतारा लागू पडला आणि उठलं की करणी पुन्हा झाली. त्या शेजारच्या मुलाची रक्ततपासणी आम्ही करवून घेतली. सिकलसेलच निघाला. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते, हे आरोग्यसेविकेनं मुलाच्या आईला समजावलं. त्यावर तिच्या सासूनं लगेच विचारलं, "म्हणजे हिच्याकडूनच आलं ना?" करणी गेली, पण बोट मात्र बाईकडेच राहिलं. 'दोघांकडून' हा शब्द आम्हाला चार वेळा सांगावा लागला.

आमच्या गटात यावर बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, मारबत बंदच करा. दुसरीचं म्हणणं, ही आपल्या मातीतली प्रथा आहे, पोरांचा आनंद का हिरावायचा? आणि परदेशात तर आता चेटकीण गमतीची गोष्ट झाली आहे, मग आपणच का रडत बसायचं?

परदेशाचं उदाहरण पुरतं पाहू या. अमेरिकेतल्या सालेममध्ये १६९२ साली चेटकाच्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी दिली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं. फाशी दिलेल्यांत चौदा बायका होत्या. आज त्याच गावात ऑक्टोबरभर चेटकिणीच्या टोप्या विकल्या जातात. पण मधे तीनशे वर्षं गेली आहेत. तरीही दोषी ठरवलेल्या शेवटच्या बाईला कायद्यानं निर्दोष ठरवायला २०२२ साल उजाडलं. त्याच वर्षी ८ मार्चला स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख बाईंनी तिथे मारल्या गेलेल्यांची जाहीर माफी मागितली. तिथे बाहुली गमतीची झाली ती बायकांना जाळणं थांबल्यानंतर. आपल्याकडे बाई अजून त्याच गावात, त्याच गल्लीत राहते आहे.

म्हणून मला वाटतं, मारबत करावी, पण तिला लुगडं नेसवू नये. बंदीनं प्रथा मरत नाहीत, रात्रीच्या होतात. दुसऱ्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी यंदा मुलांना तणसाचा डास करायला दिला. कमटीची लांब सोंड, जुन्या मच्छरदाणीचे पंख. एका म्हाताऱ्यानं 'ही कसली मारबत' म्हणून तोंड फिरवलं खरं, पण मुलांनी आरोळ्या त्याच दिल्या आणि हसली मात्र जास्त.

पुढच्या पोळ्याआधी आपण तीन गोष्टी करू शकतो. पहिली, पुतळ्याला लुगडं, बांगड्या, गोंदण, यातलं काहीही नको आणि गावातल्या कुणाचंही नाव नको. दुसरी, बडग्यासारखी त्यावर पाटी हवी. साचलेलं पाणी, दारू, बंद पडलेलं उपकेंद्र, जे खरं कारण असेल ते लिहावं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी गावात कुठे आजारपण आहे आणि कुठल्या बाईबद्दल कुजबुज आहे, याचा कानोसा घ्यावा. आजाऱ्याला दवाखान्यात न्यावं आणि त्या बाईच्या घरी जाऊन चहा प्यावा, सगळ्यांना दिसेल असा.

कायदा आपल्या बाजूनं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, एखादी व्यक्ती करणी करते, रोगराई पसरवते असं जाहीर करणं हाच गुन्हा आहे. मारहाण होईपर्यंत थांबायची गरज नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारीही नेमलेला असतो. त्याचं नाव प्रत्येक गटाच्या वहीत असावं. त्या बाईनं मात्र तक्रार दिली नाही. "मले याच गावात मरायचं हाये, ताई," म्हणाली. मी तिला आग्रह केला नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलाची आई आता तिच्याकडे येते. बोअरिंगवर मात्र तिची गुंडी अजून सगळ्यात शेवटी भरते.

भाचीला मी शेवटी सगळं लिहून पाठवलं. तिनं एवढंच विचारलं, "मग आता मी काय करू? फाडून टाकू का?" मी म्हटलं, फाडू नकोस. पण कुणी कौतुक केलं की अशा बायकांचं खरोखर काय झालं, ते त्यांना सांग.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात मारबत निघते का? तिच्या अंगावर कुणाचं लुगडं असतं? जरूर कळवा. पोळ्याआधी आपल्याला एकत्र बसायचं आहे.