गावात वाचक नसलेला कवी

१० जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस. तो कुठली लढाई जिंकल्याचा नाही की कुणा राजाच्या राज्यारोहणाचा नाही. लुईश द कामोंईश हा कवी १५८० साली त्या दिवशी गेला, म्हणून तो पाळला जातो. आपणही २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. भाषेचा दिवस कवीच्या नावे असावा, ही रीत चांगलीच आहे. त्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांतूनही ग्रंथदिंडी निघते, मुले टाळ वाजवत चालतात. मात्र भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत त्या दिंडीतली कितीतरी मुले घरी माडिया किंवा गोंडी बोलतात. दिंडीच्या पालखीत त्यांच्या घरच्या भाषेतले पुस्तक क्वचितच असते. हे आपल्याला खटकले पाहिजे. का खटकले पाहिजे, ते सांगायला पोर्तुगीज कवींची साक्ष काढतो, कारण लोकांच्या तोंडून दरबारात गेलेली, मग परक्यांवर लादली गेलेली आणि शेवटी परक्यांनी आपलीशी केलेली अशी ही भाषा आहे. कवीचे काय होते, ते तिच्या तिन्ही अवस्थांत स्पष्ट दिसते.

पोर्तुगालचा राजा दिनिश १२७९ ते १३२५ गादीवर होता. तेव्हा कागदोपत्री लॅटिन चालायची. लोकांची बोली बाजाराची आणि चुलीपुढची. या राजाने लोकभाषेला राजव्यवहारात आणले, १२९० साली विद्यापीठ स्थापन केले आणि स्वतः लोकभाषेत गीते रचली. त्याची सव्वाशेहून अधिक गीते आजही उपलब्ध आहेत. त्यातला एक मोठा प्रकार बाईच्या तोंडचा आहे. प्रियकराची वाट पाहणारी पोर आईशी, मैत्रिणीशी, झाडाशी, पाण्याशी बोलते. एक ओळ म्हटली जाते, पुढची ओळ तीच थोडी बदलून येते आणि कडव्याच्या शेवटी पालुपद. शब्द राजाने लिहिले तरी त्यांची चाल नाचात म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांची आहे. पोर्तुगीज भावकवितेचा उगम असा गाणाऱ्या बायांपाशी आहे.

ही चाल आमच्या जंगलाला ओळखीची आहे. माडिया-गोंडांच्या गावात सणाला, लग्नाला, गोटुलापुढे म्हणजे गावाच्या युवागृहापुढे रात्री रेला सुरू होतो. बाया-पोरी एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळीने उभ्या राहतात. एका बाजूने ओळ निघते, दुसरी बाजू ती उचलते, मधे ‘रे रे ला’चे पालुपद. पाय एक पुढे, एक मागे, सगळ्यांचे एकाच ठेक्यात. गाण्यात पीक असते, देव असतो, सासरी चाललेली मैत्रीण असते. उगमाचा निकष लावला तर या अंगणातला रेला आणि दिनिशच्या दरबारातली गीते एकाच पंक्तीत बसतात. फरक एवढाच, की तिकडे राजाच्या पदरी लिहून घेणारे होते आणि आमच्याकडे त्या गाण्यांतली बहुतेक म्हणणारीसोबतच जातात. चांदा म्हणजे आपले चंद्रपूर हे गोंड राजांच्या राजधानीचे शहर, त्यांचा परकोट आणि जटपुरा दरवाजा आजही आपल्या रोजच्या वाटेवर आहे, ही गोष्ट लक्षात घेतली की तो फरक अधिकच बोचतो. गोंडी ही लिपी नसलेली बोली आहे, असेही कुणी म्हणू नये. शेजारच्या आदिलाबादेत गुंजाळा इथे गोंडीची जुनी हस्तलिखिते मिळाली आहेत आणि ती लिपी आता संगणकावरही लिहिता येते.

मराठीचा जन्मही यापेक्षा वेगळा नाही. संस्कृत ही पंडितांची भाषा असताना लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी लोकांच्या भाषेत झाली. महदाईसेचे धवळे लग्नप्रसंगी गायला रचलेले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याची पायाभरणी अशी लोकांच्या तोंडच्या भाषेत झाली. वरच्या भाषेखाली राहणे काय असते, हे मराठीला चांगले ठाऊक आहे.

तरीही सत्ता आली की भाषा आपले मूळ विसरते. लॅटिनच्या सावलीतून बाहेर पडलेल्या पोर्तुगीजने गोव्यात तेच केले. कामोंईश स्वतः १५५३ साली गोव्यात आला होता. त्याची पहिली छापील कविता १५६३ साली गोव्यातच, गार्सिया द ऑर्ता या वैद्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात आली. त्या ग्रंथाला इथल्या झाडापाल्याची ओढ होती. पुढच्या राज्यकर्त्यांना इथल्या भाषेची नव्हती. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. घराघरांतून कोकणी गेली नाही, पण शाळेतून, कचेरीतून आणि प्रतिष्ठेतून गेली. साडेचारशे वर्षांच्या राजवटीनंतरही पोर्तुगीज सहज वाचणारे गोव्यात मूठभरच होते. त्या मुठीतच कवी घडले, आणि ते लहान कवी नव्हते.

आदेओदातो बारेतो १९०५ साली मडगावला जन्मला, शिकायला पोर्तुगालमधल्या कोइंब्राला गेला. तिथे १९२८ साली त्याने मित्रांबरोबर ‘इंडिया नोव्हा’ नावाचे वृत्तपत्र काढले, हिंदू संस्कृतीवर पुस्तक लिहिले, टागोर आणि गांधींचा विचार पोर्तुगीज वाचकांपुढे ठेवला. पुढे आल्जुश्त्रेल या खाणींच्या गावात त्याने नोटरीचे काम केले आणि तिथे कामगारांमध्ये मिसळला. चंद्रपूरच्या माणसाला त्या गावाचे चित्र डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत. १९३७ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या भारतीय गीतांचा संग्रह ‘ओ लिव्रू द व्हीदा’ त्याच्यामागून, १९४० साली निघाला. भारताची ओढ हा ज्याच्या कवितेचा प्राण, तो कवी भारतात किती घरांत वाचला गेला?

तेलो द मास्कारेन्यश याने टागोर पोर्तुगीजमध्ये आणले आणि मुंबईहून ‘रिसर्ज गोवा’ हे वृत्तपत्र काढून पोर्तुगीज राजवटीशी झुंज दिली. १९५९ साली पकडला गेला, १९७० साली सुटला, आणि १९७१ साली त्याने कवितासंग्रह काढला तोही पोर्तुगीजमध्येच. तुरुंगात डांबणाऱ्यांची भाषा त्याच्या दुःखाचीही भाषा झाली होती. ओर्लांदो द कोस्ता याने १९६१ सालच्या ‘ओ सिग्नू दा इरा’ या कादंबरीत गोव्यातल्या कुणबी शेतमजुरांचे हाल मांडले. लिस्बनमध्ये कादंबरी गाजली, मात्र ज्यांच्यावर ती लिहिली त्यांच्या घरात पोर्तुगीज अक्षर पोचलेलेच नव्हते. मांडवीकाठच्या ब्रितोना गावात जन्मलेल्या विमला देवी यांनी ‘सुरिया’ आणि ‘मोन्सांव’ ही गोव्याच्या मातीतली पुस्तके लिस्बनमध्ये राहून लिहिली. १९७१ साली त्यांनी पती मानुएल द सेआब्रा यांच्यासह भारतीय-पोर्तुगीज साहित्याचा दोन खंडांचा इतिहास सिद्ध केला. तो इतिहास झाला, तोवर त्या साहित्याचा वाचकच सरत आला होता.

आपल्या ओळखीचे नाव लक्ष्मणराव सरदेसाई यांचे. सावई-वेऱ्याचे हे लेखक मराठी कथेच्या इतिहासात आहेत. पोर्तुगीजमध्येही त्यांनी कथा लिहिल्या आणि १९८२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो कोकणी पुस्तकासाठी. तीन भाषांत लिहिणे ही त्यांची श्रीमंती होती, हे खरेच. पण अशा लेखकाचा एक वाचक दुसऱ्या वाचकाला ओळखत नाही, हेही तितकेच खरे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९०० साली सुरू झालेले ‘ओ एराल्दो’ हे पोर्तुगीज दैनिक १९८३ साली इंग्रजी झाले. दोनच दशकांत एका साहित्याखालची जमीन सरकली. यात कवींचा दोष नाही. त्यांनी शाळेने दिलेल्या भाषेत जीव ओतला. दोष त्या व्यवस्थेचा, जिने शाळेची भाषा आणि गावाची भाषा यांच्यात पूल बांधलाच नाही. सत्ता गेल्यावर कवीला सांभाळतो तो गावातला वाचक, आणि तोच त्या व्यवस्थेने तयार होऊ दिला नाही.

याच भाषेत दुसरी वाटही निघाली. मोझांबिकचा झुझे क्राव्हेइरिन्या हा पोर्तुगीज बाप आणि रोंगा आईचा मुलगा. त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिले, पण आईच्या भाषेतले शब्द, ढोलाचा ठेका, वस्तीतली माणसे कवितेत तशीच राहू दिली. राज्यकर्त्यांनी त्याला तुरुंगात टाकले. १९९१ साली पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा कामोंईश पुरस्कार त्याला मिळाला. आफ्रिकेतला तो पहिला मानकरी. रोंगा शब्द आत आल्याने पोर्तुगीज बाटली नाही, रुंदावली.

आपल्याकडे हे काम यवतमाळच्या भुजंग मेश्रामांनी केले. १९९० सालच्या ‘उलगुलान’ या कवितासंग्रहाने गोंडी जगणे आणि गोंडी शब्द मराठी कवितेच्या मध्यावर आणून ठेवले. मराठीने त्यांना कवी म्हणून मानले. मात्र कौतुक आपल्या भाषेत आलेल्या कवीचे झाले, तो ज्या भाषेतून आला तिच्याकडे आपण वळलो नाही. चंद्रपूरने १९७९ आणि २०१२ अशी दोन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरवली. दुसऱ्याचे अध्यक्ष वसंत आबाजी डहाके होते. या मातीत मराठी साहित्याचा मान मोठा आहे, म्हणूनच तिच्याकडून अपेक्षाही मोठी.

लोकांना आपल्या भाषेतले ऐकायचे नसते, हा समज खोटा आहे. झाडीपट्टीची रंगभूमीच पाहा. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि थंडीत पांघरूण घेऊन लोक तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. झाडीबोलीत लिहिणाऱ्यांनाही आपला वाचक जवळच सापडतो. आपली बोली कानावर पडली की माणूस जागचा हलत नाही. मग माडिया आणि गोंडीच्या वाट्याला हे का येऊ नये?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावने याचे उत्तर स्वतः शोधले. २०१९ साली तिथल्या ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली, तिला गोटुलाचे नाव दिले. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. भाषेची बाजू आपण पाहायची आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाचे कलम ३५०-क सांगते. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ३० लाख आहेत, तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. जे सरकारने करायचे ते एका गावाने केले असेल, तर त्याला नोटीस नको, पुस्तके आणि शिक्षक हवेत.

इथे कुणी विचारील, की मुलांना पुढे मराठी आणि इंग्रजीच लागणार, मग हा खटाटोप कशाला? मराठी लागणारच. तालुक्याला, दवाखान्यात, वनहक्काच्या दाव्यात, नोकरीत ती लागते आणि ती नीट आली पाहिजे. पण घरची भाषा पुसून आलेली दुसरी भाषा मुलाला गप्प करते. शिक्षकाचे शब्द कळत नाहीत म्हणून पहिलीतले मूल महिनोन्महिने बोलत नाही, आणि आपण त्याला बुजरे म्हणतो. तेच मूल मार्चमध्ये पहाटे आईबरोबर मोह वेचताना अखंड बोलत असते. त्या बडबडीत उद्याची कविता आहे. शाळेच्या दारात ती बंद पडू देऊ नये, एवढीच मागणी आहे.

ती पुरी करणे अवघड नाही. पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तके माडिया आणि गोंडीत असावीत, ती शिकवायला त्याच गावांतले तरुण शिक्षक नेमावेत आणि मराठी त्यांच्या खांद्याला खांदा लावून यावी. गडचिरोलीत २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने रेलाची गाणी गाणारीच्या नावासह नोंदवावीत. एका पानावर मूळ, समोरच्या पानावर मराठी अशी ती छापावीत आणि प्रकाशन गडचिरोलीच्या सभागृहात नव्हे, त्या गाण्याच्या गावात करावे. मराठी मासिकांनी आदिवासी कवीकडे कविता मागताना मूळ भाषेतली मागावी आणि ती अनुवादाबरोबर छापावी. अशी कामे तुरळक होतात. ती नियमाने झाली पाहिजेत.

गोव्याच्या पोर्तुगीज कवींची वेदना खरी होती, प्रतिभा अस्सल होती. ती वाचणारी पिढी मात्र घडवली गेली नाही. गडचिरोलीत आज कविता लिहू लागलेल्या माडिया मुलीवर ती वेळ आणायची की नाही, हे ठरवणे मराठी माणसाच्या हातात आहे, कारण इथे शाळेची, कचेरीची आणि छापखान्याची भाषा आपली आहे. येत्या २७ फेब्रुवारीच्या पालखीत गोंडीचे एक पुस्तक ठेवावे आणि त्यातले एक पान वाचायला त्याच शाळेतल्या मुलीला उभे करावे. कुसुमाग्रजांच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या दिवसाचा तो खरा सन्मान ठरेल.