आधी पाण्याला वाट द्या

सह्याद्रीतल्या गडवाटा पायांनी झिजतात, पण मोडतात पाण्याने. चढावर सरळ उभी गेलेली वाट पावसाळ्यात ओहोळ होते. माती वाहून धोंडे उघडे पडतात, चालणारे कडेने पाय टाकू लागतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून दुर्गसंवर्धनासाठी रविवारी घमेली-पहारी घेऊन चढणाऱ्या तरुणांनी पायऱ्या रचण्याआधी वाटेत तिरके दगड बसवून पाणी बाजूला काढावे. सिमेंट टाळावे, त्याखालची माती धुपली की अख्खी पायरी पोकळ होते, सुटा दगड मात्र पुन्हा बसवता येतो.

हे सरकारचे काम, असा आक्षेप येतो. तो रास्तच आहे. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या राजगड, साल्हेरबाबत तर अधिकच. पण निविदा काढून वाट एकदा बांधता येते. दरवर्षी मृगाआधी तिचे चर उपसायला ठेकेदार येत नाही. ते काम थोडे पण सततचे, पायथ्याच्या गावाशी संबंध राखणाऱ्या मंडळींनाच जमणारे. उत्साहाच्या भरात जुने अवशेष हलतील, ही भीती मात्र खरी आहे. संरक्षित गडावर पुरातत्त्व विभागाची परवानगी आणि जाणकाराची देखरेख असल्याशिवाय पहार चालवूच नये. मंडळाचा फलक लावण्याची घाई तर मुळीच नको.