पॅड बांधून बसलेला मुलगा

धानकापणी झाली की आपल्या इटियाडोहच्या कालव्याखालच्या कितीतरी बांध्या रिकाम्या होतात आणि तुमचे क्रिकेट सुरू होते. धसकटे पायाला टोचतात, चेंडू कुठेही उडतो, पण खेळ थांबत नाही. 'गोलंदाज' हा मराठी शब्द तुम्हांला चटकन समजतो, कारण तो तुमच्या उर्दूतही आहे. पूर्वी तोफेचे गोळे डागणारा तो गोलंदाज!

मुंबईत शाळांसाठी हॅरिस शील्ड ही स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांपासून चालत आली आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत तिचा उपान्त्य सामना आझाद मैदानावर झाला. शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या. दोघांची भागीदारी ६६४ धावांची! सचिन तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि विनोद सोळा वर्षांचा. त्यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर त्या दिवशी मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असा इशारा त्यांचे साहाय्यक बाहेरून करत होते आणि ही मुले तिकडे बघतच नव्हती. पुढे विनोदने सेंट झेवियर्सचे सहा गडीही बाद केले.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला मात्र तिच्यातला तिसरा मुलगा आठवतो. त्याचे नाव अमोल मुझुमदार. वय तेरा. पुढचा फलंदाज म्हणून तो दोन दिवस पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही.

लोक हे हसत सांगतात आणि त्याच्या धीराचे कौतुक करतात. मला ते कौतुक पटत नाही. धीर त्या मुलाने धरला, हे खरे; पण शाळेचा संघ हा अकरा जणांचा असतो. तुम्ही म्हणाल, "सर, सामना जिंकायचा असेल तर चांगल्यालाच खेळवायला हवे ना?" बरोबर आहे. पण दोनशे, तीनशे धावा झाल्यावर सामना जिंकायचा काय राहिला होता?

अमोल पुढे मोठा फलंदाज झाला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, तरी भारतीय संघात त्याला एकदाही घेतले नाही. म्हणजे तेथेही वाट पाहणेच! नंतर तो प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. पण सगळ्यांचे असे होत नाही. बहुतेक मुले एकदा, दोनदा बाहेर बसतात आणि तिसऱ्यांदा मैदानावर येतच नाहीत.

असा एक मुलगा मी पाहिला आहे. मागच्या हिवाळ्यात तो दर सामन्याला यायचा, नाल्यात गेलेला चेंडू काढून आणायचा. त्याला बॅट कोणी दिली नाही. मीही पंच म्हणून उभा होतो आणि काही बोललो नाही. यंदा तो येत नाही. विचारले तर म्हणतो, "घरी काम असते, सर."

म्हणून येत्या रविवारपासून आपल्या बांधीत पंचवीस धावा झाल्या की फलंदाजाने बॅट पुढच्याला द्यायची. कप्तानाने अकरा नावांची यादी शनिवारी माझ्याकडे आणावी. त्या मुलाचे नाव चौथे लिहा. त्याला बोलवायला मी स्वतः जाणार आहे.