काळा धागा

दिवाळी अंक आला की आमचे संपादक या सदराला जागा थोडी जास्त देतात आणि विषय मात्र स्वतः ठरवतात. यंदा निरोप आला, “जुने विज्ञानपट आजच्या माणसाला बघवतात का, ते लिहा.” मला वाटले, हे काम घरबसल्या होण्यासारखे आहे. घरी चौदा वर्षांचा नातू आहे, त्याला सुट्टी आहे आणि शेजारी नाना आहेत.

नाना अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. अंधेरी ते गोरेगाव एवढ्या टापूतल्या स्टुडिओंत त्यांची हयात गेली. दिवे ओढले, पडदे टांगले, पडेल ते केले. पडद्यावर नाव मात्र कधी आले नाही.

चित्रपट निवडताना मी गावाचा अभिमान धरला. आमच्या गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान निघाले, त्याच्या संस्थापकांत अशोककुमार होते. हे गृहस्थ १९५७ साली ‘मिस्टर एक्स’मध्ये अदृश्य झाले. १९६४ साली त्यांचे धाकटे बंधू किशोरकुमार ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये अदृश्य झाले. पुढे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त दुसऱ्याला अदृश्य होण्याच्या यंत्राचा ठाव देणारे वयोवृद्ध प्राध्यापक कोण, तर पुन्हा अशोककुमारच! अदृश्य होणे हा त्या घराण्याचा जोडधंदाच म्हणायचा.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे किशोरकुमारांचा चित्रपट लावून बसलो. अदृश्य माणसाच्या करामती सुरू झाल्या आणि नातू खो खो हसू लागला. “आजोबा, हे सगळं दोऱ्यानं ओढतायत! किती बावळट!”

मी नानांकडे पाहिले. ते बशीतला चहा फुंकत होते. तरुणपणी अशाच चित्रपटांतून दोरे ओढायचे काम त्यांनी केले होते, आणि हे मी नातवाला आधी सांगायला हवे होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नानांनी बशी खाली ठेवली. “वहिनी, शिवणाच्या डब्यात काळा दोरा आहे का?”

दोरा आला. नानांनी तो कपाच्या कानाला बांधला. टेबलामागे काळी शाल टांगली, दिवा एका बाजूला सरकवला आणि नातवाला समोर बसवले. कप हळूच थरथरला, मग सरळ चालत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. नातू पुढे वाकला. त्याला दोरा दिसेना.

“दोरा लपवायचा नसतो,” नाना म्हणाले. “त्याच्यावर उजेड पडू द्यायचा नाही, एवढंच.”

मग त्यांनी बाबूभाई मिस्त्रींची गोष्ट सांगितली. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सच्या ‘ख्वाब की दुनिया’त १९३७ साली त्यांनी अशाच धाग्यावर वस्तू हलवल्या आणि लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. माझ्याही ज्ञानाला उबळ आली. १९३३ च्या अमेरिकन ‘अदृश्य माणसा’तही युक्ती काळ्या रंगाचीच होती. नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीवर उभे करत. फक्त अंगावरचे कपडे उजळत, आणि ते चित्र दुसऱ्या चित्रावर चढवले की झाले.

नातवाने स्वतः करून पाहिले. पहिल्या खेपेला अर्धा चहा माझ्या पायजम्यावर आला. चौथ्या खेपेला कप चालला. त्यानंतर तो हसला, पण ते हसू निराळे होते. “पण नाना, सिनेमा मधे मधे कंटाळवाणाच आहे,” तो म्हणाला.

“तेव्हाही होता,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ‘मिस्टर इंडिया’. लाल प्रकाशात तेवढा तो माणूस दिसतो, यावर नातवाचे वकिली प्रश्न सुरू झाले. “उजेड त्याच्या आरपार जातो ना? मग त्याच्या डोळ्यांतूनही जाणार. त्याला स्वतःला कसं दिसतं?”

मुद्दा बिनतोड होता. डोळ्यातल्या पडद्याने उजेड अडवला नाही तर दृष्टीच नाही, म्हणजे पुरता अदृश्य झालेला माणूस आंधळा व्हायचा. वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीत मांजर अदृश्य केले तेव्हा त्याच्या डोळ्यांमागचा चमकता पडदा काही नाहीसा होत नाही. ‘मिस्टर इंडिया’ने असल्या हिशेबाची फिकीर केली नाही. मी म्हटले, नापास.

तेवढ्यात बाँबस्फोटात लहानगी टीना गेली, आणि नातवाचे प्रश्न थांबले. जेवताना त्याने एवढेच विचारले, “मुलं असतात तिथं बाँब कोण ठेवतं?” हा चित्रपट निघाल्यावर सहा वर्षांनी, मार्च १९९३ मध्ये, या मुंबईने काय पाहिले ते नानांना आठवत होते आणि मलाही. आम्ही दोघेही वरण-भाताकडे पाहत राहिलो.

तेव्हा संपादकमहाराज, माझे उत्तर असे. दारासिंगांचा ‘चाँद पर चढाई’ १९६७ साली आला आणि दोनच वर्षांत माणूस खरोखर चंद्रावर उतरला. त्या चित्रपटाचे विज्ञान तिथेच शिळे झाले. पण मेलिएसने १९०२ साली चंद्राच्या डोळ्यात गोळा रुतवला, त्यात विज्ञान औषधालाही नाही, तरी तो आज पाहूनही मूल टाळी देते. म्हणजे विज्ञान चुकल्याने चित्रपट मरत नाही. कोणाची तरी हौस, नाहीतर कोणाची तरी भीती त्यात खरी असावी लागते. तेवढी असली की दोरा दिसला तरी चालतो.

फिल्मिस्तानची जागा २०२५ साली एका बांधकाम कंपनीने घेतली. बातमी वाचून दाखवली तेव्हा नानांनी एवढेच विचारले, “दोऱ्याची रिळं कुणी नेली असतील?”

आमच्या घरातल्या एका कपाला दोरा अजून तसाच बांधलेला आहे. नातू सोडू देत नाही. फराळाला याल तेव्हा जरा सांभाळून उचला.