एम. ए.चा एक ग्रंथ

पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. करावे काय, अशी पृच्छा करणारी पत्रे या सदराकडे दरसाल येतात; आणि पत्र मुलाचे असो वा मुलीच्या वडिलांचे असो, त्याचा शेवट बहुधा एकाच प्रश्नाने होतो : पुढे काय? हा प्रश्न व्यवहारी माणसाचा आहे म्हणून तो हलका ठरत नाही. ज्या घरातून पहिलाच मुलगा वा पहिलीच मुलगी महाविद्यालयाची पायरी चढलेली असते, त्या घराला दोन वर्षांच्या खर्चाचा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि ज्ञानाच्या थोरवीची स्तोत्रे गाऊन तो हिशेब टाळणे विद्येचा पक्ष घेणाऱ्याला शोभत नाही. म्हणून आधी हिशेब देतो, मग माझे म्हणणे मांडतो.

या पदवीच्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्या मोजक्या आहेत. कनिष्ठ महाविद्यालयांच्या कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे. परंतु त्याची पदे विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असतात, कला शाखेची तुकडी बंद पडली की पदही जाते, आणि बी. एड.ची अट आहे ती निराळीच. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी एम. ए.ला किमान ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्गांना ५०, आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता लागते. ती मिळवूनही पुष्कळांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मोबदल्यावर, दिवस काढावे लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याचा अभ्यासक्रम तुलनेने आटोपशीर आहे आणि उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभाही आहे. सबब स्पर्धापरीक्षेची तयारी चालू असताना वसतिगृहातील खोली आणि ग्रंथालयाचे कार्ड हाती राहावे एवढ्यासाठी या विषयात नाव घालणारी मुलेही असतात. त्यांच्या अडचणी मी जाणतो आणि त्यांना दोष देत नाही. तथापि ज्याला केवळ उपजीविकेचा दाखला हवा आहे, त्याने हा मार्ग धरू नये, हे मी स्पष्टपणे सांगतो.

मग तो कोणी धरावा? एखादा थोर ग्रंथ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाणत्या माणसाजवळ बसून, कोणतीही घाई न करता वाचावा अशी ज्याची इच्छा आहे, त्याने धरावा. माझ्या मते या पदवीचे सारे मोल या एका गोष्टीत आहे, आणि आपल्या विद्यापीठांतून हीच एक गोष्ट हळूहळू नाहीशी होत चालली आहे.

तो ग्रंथ असा वाचण्याने नेमके काय घडते, हे एका लहानशा स्थळावरून दाखवता येईल. इमॅन्युएल कांटच्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील प्रस्तावनेत सात अधिक पाच बरोबर बारा या वाक्याचा विचार आला आहे. वरवर पाहता हे वाक्य इतके उघड आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणाला वाटत नाही. कांट विचारतो, सात आणि पाच यांची बेरीज ही कल्पना मी कितीही उलगडून पाहिली, तरी तिच्यात बारा ही कल्पना आधीपासून दडलेली सापडते काय? त्याचे उत्तर नकारार्थी आहे. बारापर्यंत पोहोचण्यासाठी मला त्या कल्पनांच्या बाहेर जावे लागते, हाताची पाच बोटे किंवा पाच ठिपके डोळ्यांसमोर आणून एकेक मिळवीत जावे लागते. म्हणून गणिताचे विधान अनुभवाआधीचे आणि निरपवाद असूनही आपल्या ज्ञानात खरी भर घालते. आता वर्गात हे वाचले जात असताना कोणीतरी खरोखरच बोटे मोजू लागते, आणि शेजारच्या मुलीच्या मनात शंका येते, की मी तर न मोजताच बारा म्हणाले, मग मी कोणत्या बाहेरच्या गोष्टीचा आधार घेतला? या शंकेपाशी शिक्षकाने थांबले पाहिजे. संख्या मोठी घेतली म्हणजे आपले म्हणणे अधिकच स्पष्ट होईल, असे कांटने तेथेच सुचवले आहे. आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, १८८४ साली, गॉटलोब फ्रेगेने नेमकी मोठी संख्याच पुढे करून त्याला अडवले. १,३५,६६४ आणि ३७,८६३ यांची बेरीज १,७३,५२७ होते, ती कोणत्या बोटांवर मोजायची, असा त्याचा सवाल होता, आणि अंकगणित हे अखेर व्याख्या आणि तर्क यांतूनच निष्पन्न होते हा त्याचा पक्ष होता. त्या पक्षाच्या आधारे त्याने आयुष्यभर जी इमारत रचली, तिच्या पायातील विसंगती १९०२ साली एका पत्राने बर्ट्रांड रसेलने दाखवून दिली. एका साध्या बेरजेपासून निघालेला विद्यार्थी येथपर्यंत आला, की शतकभर अत्यंत प्रामाणिक माणसे एकाच प्रश्नावर एकमेकांना कशी दुरुस्त करीत होती, हे त्याच्या प्रत्ययाला येते. असे चार-सहा तास ज्याच्या वाट्याला आले, त्याची बुद्धी पुढे कोणत्याही कामाला लावली तरी ती विधान आणि पुरावा यांतील अंतर विसरत नाही.

हेच स्थळ परीक्षेसाठी कसे येते? गणिती विधाने संश्लेषक आणि अनुभवपूर्व असतात असे कांट म्हणतो, उदाहरणार्थ ७ + ५ = १२; या एका ओळीला पाच गुणांच्या टिपेत जागा मिळते आणि विषय संपतो. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते, तेव्हा एका गठ्ठ्यात निरनिराळ्या हस्ताक्षरांतील कितीतरी उत्तरांत तेच वाक्य, त्याच क्रमाने आणि त्याच चुकीसह लिहिलेले आढळले. सर्वांनी एकाच मार्गदर्शक पुस्तकातून ते पाठ केले होते हे उघड होते. त्या मुलांचा मला राग आला नाही. सहामाही सत्र, त्यात अंतर्गत मूल्यमापन, चार-पाच विषयपत्रिका, आणि एका पत्रिकेत प्लेटोपासून विट्गेन्स्टाइनपर्यंत डझनभर नावे, अशी योजना ज्यांच्यावर लादली गेली आहे, त्यांनी पाठांतराचा आश्रय घेतला तर त्याची जबाबदारी योजना करणाऱ्यांवर येते.

हे असेच चालायचे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मी अमळनेरची आठवण करून देऊ इच्छितो. जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी वसलेल्या त्या गावात, कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. कोठे गिरणीचा भोंगा आणि कोठे शांकर वेदान्त, असे एखाद्याला वाटेल. परंतु निवडक अभ्यासकांना निर्वाहाची चिंता राहू नये आणि त्यांनी एकत्र राहून, वाचून, वाद करून चिंतन करावे, एवढ्याच हेतूने एका व्यापाऱ्याने तेथे आपले द्रव्य लावले. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते याच मंदिरात अभ्यास करण्यासाठी, आणि मग १९२४ साली तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे बंगालमधील थोर तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ पासून काही काळ या संस्थेचे संचालक होते. त्याच १९३३ साली घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तेथील तिघा अभ्यासकांनी अज्ञान या एकाच वेदान्ती संकल्पनेवर आपापली स्वतंत्र प्रकरणे लिहून ती एका ग्रंथात एकत्र प्रसिद्ध केली. एका छपराखाली राहणाऱ्या तीन माणसांनी एका प्रश्नावर तीन वाटांनी विचार करावा, मतभेद लपवू नयेत, आणि तरीही ग्रंथ एकच काढावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पदव्युत्तर वर्गाचे ध्येय याहून निराळे काय असावे? आणि हे मुंबई-पुण्यापासून दूर, खानदेशातील एका तालुक्याच्या गावी घडले, ही गोष्ट लातूर-नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावी.

इंग्रजी नीट येत नाही म्हणून हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा, असे समजून अनेक मुले त्याच्या वाटेस जात नाहीत. आणि जी जातात, त्यांतली कित्येक मराठीतून उत्तरे लिहिण्याची परवानगी असूनही आपले लेखन खालच्या प्रतीचे मानले जाईल या भयाने मोडक्या इंग्रजीत लिहितात. या भयाला मराठीच्या इतिहासात काहीही आधार नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ ज्याने वाचले आहे, त्याला मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्या नीतिविचाराशी मराठी गद्य किती सहजपणे सामना देते हे सांगावे लागत नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड निघाले. कोल्हापूरच्या श्रीनिवास हरी दीक्षितांच्या ‘नीतिमीमांसा’ आणि ‘भारतीय तत्त्वज्ञान’ या पुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या; दि. य. देशपांडे यांनी १९९० साली ‘आजचा सुधारक’ सुरू करून विवेकवादाची चर्चा सामान्य वाचकाच्या दारी नेली, आणि मे. पुं. रेगे यांच्या लेखनाविषयी तर मी इतकेच म्हणेन, की अत्यंत अवघड युक्तिवाद एकही पायरी न गाळता आणि एकही शब्द वाया न घालवता मराठीत कसा मांडावा, हे ज्याला शिकायचे आहे त्याने ते लेखन पुनःपुन्हा वाचावे.

याच रेग्यांचा आणि दया कृष्ण यांचा पुढाकार असलेली एक सभा १९८३ साली पुण्यात भरली होती, तिचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. रसेलप्रणीत विधानाची संकल्पना, म्हणजे कोणी उच्चारो वा न उच्चारो, कोणाच्या मनात असो वा नसो, स्वतःच सत्य अथवा असत्य असणारी अशी जी काही वस्तू कल्पिली जाते, ती संस्कृतात मांडून परंपरेने शिकलेल्या पंडितांपुढे ठेवण्यात आली आणि त्यांचे मत विचारण्यात आले. न्यायदर्शनात सत्यासत्यता ही ज्ञानाची असते. ज्ञान आणि त्याचा विषय यांखेरीज मध्ये तिसरी वस्तू मानण्याची गरज काय, हा प्रश्न त्या दर्शनाच्या अभ्यासकाला स्वाभाविकपणेच पडतो. दोन्ही बाजूंनी त्यानंतर जो ऊहापोह झाला, तो ‘संवाद’ या नावाने १९९१ साली ग्रंथरूप झाला. पाश्चात्य तत्त्वज्ञान एका पत्रिकेत आणि भारतीय तत्त्वज्ञान दुसऱ्या पत्रिकेत, आणि दोघांची कधी गाठ पडू द्यायची नाही, हा आपल्या अभ्यासक्रमांचा जो शिरस्ता आहे, त्याला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. दोन परंपरांची भाषा जाणणारा, घरात मराठी बोलणारा, संस्कृताचा थोडाबहुत संस्कार असलेला विद्यार्थी अशा वादाला जगातील कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा अधिक जवळचा आहे. त्याला हे कोणी सांगत नाही, एवढेच.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने एम. ए.ची रचना पुन्हा बदलली आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्ष, पहिल्या वर्षात संशोधनपद्धती आणि कार्यप्रशिक्षण वा क्षेत्रप्रकल्प, दुसऱ्या वर्षात संशोधनप्रकल्प, अशी तिची सर्वसाधारण तरतूद आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षणासाठी कोठे धाडावे, या विवंचनेत अनेक विभागप्रमुख आहेत. रुग्णालयांच्या नैतिकता समित्या, ग्रामीण वाचनालये, शाळांतील तर्कशास्त्राचे वर्ग अशी ठिकाणे शोधली तर ती विवंचना सुटण्यासारखी आहे. खरी संधी संशोधनप्रकल्पात आहे. सध्या या प्रकल्पाच्या नावाखाली दहा पुस्तकांतील दहा उतारे एकत्र बांधून दप्तरात जमा होण्याचा धोका आहे. त्याऐवजी असा नियम करावा, की विद्यार्थ्याने एकच मूळ ग्रंथ निवडावा. तो ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेएवढा लहान असला तरी चालेल, देकार्तच्या चिंतनांएवढा असला तरी चालेल, भाषांतरातून वाचला तरी चालेल, परंतु तो संपूर्ण वाचलेला असावा. त्यावर त्याने स्वतःच्या भाषेत, मराठीत लिहायचे असेल तर मराठीत, निबंध सादर करावा. आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत तो ग्रंथ समोर उघडून, त्यांना वाटेल त्या पानावर बोट ठेवून प्रश्न विचारावेत. पाठांतराला तेथे वाव राहणार नाही आणि ज्याने वाचले आहे त्याला भिण्याचे कारण राहणार नाही.

या तजविजीला नवे पद लागत नाही, अनुदान लागत नाही, श्रेयांकांची संख्याही वाढवावी लागत नाही. अभ्यासमंडळाचा ठराव आणि विद्यापरिषदेची मान्यता एवढे पुरते. विषयाच्या प्राध्यापकांनी आपापल्या अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीपूर्वी ही मागणी लेखी द्यावी. आणि यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी त्या ठरावाची वाट न पाहता पहिल्याच सत्रात आपल्या सरांना किंवा बाईंना विचारावे, की आठवड्यातला कोणता तास आम्हाला देता, आणि कोणता ग्रंथ आरंभापासून काढायचा.