चिखलाने माखलेले हात

दिवाळीच्या सुटीपासून मकरसंक्रांतीपर्यंतचा हिवाळा हा महाराष्ट्रातील बालगोपाळांचा हक्काचा काळ. अंगणातील किल्ला आणि दारातील आकाशकंदील यांनी त्याचा आरंभ होतो, डिसेंबरात सहली निघतात, स्नेहसंमेलनाच्या तालमी रंगतात आणि तिळगूळ, हलवा व बोरन्हाण यांनी त्याची सांगता होते. मध्यमवर्गीय कुटुंबांचा या दिवसांतील उत्साह ओसरलेला नाही. हौसेवरचा खर्च तर वाढलाच आहे. परंतु एवढ्या साऱ्या उत्सवात मुलांच्या हातांना करण्यासारखे काय उरले आहे, हा प्रश्न आता प्रत्येक घराने स्वतःला विचारावयास हवा. किल्ला आणि कंदील बाजारातून येतात, सहलीचा कार्यक्रम दुसरेच कोणी आखते आणि संमेलनातील नृत्य बाहेरून आणलेला नृत्यदिग्दर्शक बसवतो. मूल या सगळ्याचे ग्राहक आणि प्रेक्षक होऊन राहते.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातील, तर जिंजी तामिळनाडूतील. या गौरवाचा आनंद सर्वत्र झाला, आणि तो रास्तच होता. मात्र अशा मानसन्मानाच्या कितीतरी आधीपासून या गडांची स्मृती घरोघरी जागती ठेवली, ती दिवाळीत माती कालवणाऱ्या मुलांनी. विटा-दगड रचावेत, त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे, बुरूज थापावेत, गेरूने तट रंगवावा, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडावे आणि हिरवळ उगवली की माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ती बसवावी, असा हा परिपाठ. या खेळात मुलांना प्रश्न पडतात. दरवाजा समोरून का दिसू नये? पाण्याचे टाके कोठे खोदावे? बालेकिल्ल्याभोवती माच्या कशासाठी? ज्याने स्वतःच्या हाताने दरवाजा दोन बुरुजांच्या आड दडवला, त्याला रायगडाचा महादरवाजा पाहताना निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या राजगडाच्या तीन माच्या ज्याने मातीत काढल्या, तो त्या जन्मभर विसरत नाही.

याच जागी आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला येतो. तो दिसावयास सुबक असतो, दोन मिनिटांत मांडून होतो आणि पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवता येतो. त्यासाठी पालकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. आई-वडील दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर, घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, अंगण नाही आणि शहरात मूठभर मातीही सहज मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. तथापि या अडचणींतूनही वाट निघते. अनेक गृहसंकुलांत सर्व मुले मिळून एकच मोठा किल्ला उभारतात. त्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा आणि रखवालदाराची मुलगी एकाच घमेल्यात माती कालवतात. ही समरसता कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल रुजते. बाजारात जाणे वर्ज्य आहे, असेही नाही. कुंभाराकडचे मातीचे मावळे जरूर विकत घ्यावेत, त्याच्या कलेला दाम मिळावा. किल्ला मात्र मुलांनी करावा. कंदिलाचेही तसेच. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि घरी शिजवलेली खळ एवढ्यावर तो होतो. पहिल्या वर्षी तो वाकडा होतो, हेही त्या शिक्षणाचे अंगच होय.

सहलींकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. कृत्रिम धबधबे आणि यांत्रिक खेळ यांत मुले एक दिवस रमतात, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्राचा हिवाळा त्याहून पुष्कळ काही देऊ करतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर पाणस्थळ. उजनीच्या पाणलोटावरील भिगवण हे दुसरे पक्षीतीर्थ. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब थंडीत या पाणवठ्यांवर उतरतात. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली या दोघांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून साजरा होतो, आणि तो पुष्कळदा दिवाळीच्या सुटीला लागूनच येतो. एक दुर्बीण, एक वही आणि घरची शिदोरी एवढ्या सामग्रीवर अशी सहल घडते. मुलाने पाहिलेल्या पक्ष्यांची नावे स्वतः टिपली, तर घरी आणण्यास तेवढी ठेव पुरेशी आहे.

शाळांचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागेल, कारण तेथे एक नव्हे, शेकडो मुलांचा प्रश्न असतो. स्नेहसंमेलन म्हणजे शाळेने वर्षभर केलेल्या कामाचा आरसा. एकेकाळी त्यात शिक्षकांनी लिहिलेली नाटुकली, मुलांनी रंगवलेले पडदे आणि हस्तलिखित मासिके असत. आज अनेक ठिकाणी भाड्याचे पोशाख, चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका आणि निवडक मुलांचा नाच एवढेच उरले आहे. वक्तृत्वाचे भाषण आईने लिहिलेले असते, विज्ञानाचा प्रकल्प वडिलांनी केलेला असतो आणि पारितोषिक तेवढे मुलाच्या हाती पडते. आपले काम दुसऱ्याने केले तरी चालते आणि टाळ्या आपल्याला मिळतात, हा संस्कार या वयात मनावर ठसला, तर पुढे प्रामाणिकपणाचे कितीही पाठ दिले तरी त्यांचा उपयोग होणार नाही.

मराठी मुलखाला याबाबतीत बाहेर आदर्श शोधण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कोसबाडच्या वनवासी पाड्यांत नेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती यांतूनच शिक्षणाची साधने घडवण्यात आली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांजवळ जाऊन काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. शाळांनी ही तरतूद मनावर घेतली, तर हिवाळ्याचे दिवस त्यासाठी सर्वांत सोयीचे आहेत.

शाळांतील जयंत्यांनाही हेच लागू पडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. असे का, हा प्रश्न एखाद्या वर्गापुढे ठेवून मुलांना उत्तर शोधू दिले, तर संक्रांतीचा दिवस सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो, हे त्यांना स्वतःच उमगेल. पाठ केलेल्या दहा भाषणांपेक्षा ती जयंती अधिक सार्थकी लागेल.

पालकांकडून फार मोठी अपेक्षा नाही. संपूर्ण हिवाळ्यात एक तरी गोष्ट तयार न आणता मुलांसह घरी करावी, एक सहल मुलांनी आखावी आणि शाळेच्या पालकसभेत 'प्रत्येक मुलाला काम मिळाले का?' एवढा एकच प्रश्न विचारावा. मुलाचे काम ओबडधोबड होईल, घरात माती सांडेल, वेळही मोडेल. पण ज्या पिढीने समाजाची घडण पुढे न्यावयाची, तिच्या हातांना घडवण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे. ती सवय विकत मिळत नाही.